खडीसाखर विरघळेपर्यंत

"आमच्या इमारतीचे आदरणीय सर यांनी निवृत्तीनंतर, घरबसल्या आणि पहिल्याच फटक्यात, परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र संपादन केले. तळमजल्यावरील आमच्या केंद्राचे ते पहिले यशस्वी विद्यार्थी होत."

हा मजकूर आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत, सरांच्या छायाचित्राखाली छापून आला आहे. लिहिणारे गृहस्थ सोसायटीचे सचिव आहेत आणि तळमजल्यावरच्या त्या केंद्राचे मालकही तेच आहेत. म्हणजे श्रद्धांजली आणि जाहिरात एकाच हाताने, एकाच शाईत लिहिली गेली आहे. यातला 'आदरणीय' हा शब्द खरा आहे. 'निवृत्तीनंतर' आणि 'प्रमाणपत्र' हेही खरे. बाकीचे सर्व खोटे आहे, आणि मी ते तसे म्हणू शकतो, कारण जे घडले ते घडताना सर जिथे शिकले त्या वर्गात मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

माझे वय झाले आहे आणि माझी स्मृती पूर्वीसारखी राहिलेली नाही, असे सचिवांनी भर सभेत सुचवले. मान्य आहे. पूर्वी मी सौजन्य म्हणून पुष्कळ गोष्टी विसरत असे.

स्मरणिका कोणी वाचत नाही, म्हणून तिच्यातल्या खोट्याला उत्तर देण्याचे कारणही नव्हते. परंतु पुढे तोच मजकूर आणि तेच छायाचित्र केंद्राच्या जाहिरातीसह फाटकावरच्या बॅनरवर चढले. आमच्या फाटकावरच्या रखवालदारांचा जो सुपरवायझर आहे, तो आम्हा दोघांचाही जुना विद्यार्थी. सरांनी त्याला इंग्रजी शिकवले, मी गणित. त्याची मुलगी बी.ए. झाली असून तिला परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचे काम धरायचे आहे, आणि त्यासाठी पहिली पात्रता कोणती घ्यावी हा घरात प्रश्न आहे. एके दिवशी त्याने मला फाटकातच थांबवले.

"सर, पोरीला सेक्रेटरींच्या क्लासला घालून टाकतो. आपले इंग्रजीचे सर तिथनंच शिकले ना?"

"कोण म्हणतं?"

"बॅनरवर फोटो आहे की."

"बॅनरवर फोटो तर नगरसेवकाचाही असतो. तो काय शिकला आहे?"

"सर, तुम्ही भांडू नका. उद्या-परवा नाव घालायचंय. खरं काय ते सांगा."

ते सांगण्यासाठी आधी सर सांगावे लागतील.

परळच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघांनी नोकरी केली आणि लालबागच्या एकाच चाळीत राहिलो. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला आणि टॉवरच्या मागच्या बाजूला आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत. सर हात असलेल्या खुर्चीत कधी बसले नाहीत. "हातांची खुर्ची मिळाली की माणूस अध्यक्ष होतो," असे ते म्हणत, आणि आमच्या सोसायटीचा इतिहास पाहता यात अतिशयोक्ती नव्हती. चहा ते उभ्यानेच पीत, तोही दारापाशी. शाळेत तास होण्याच्या आत पेला रिकामा करण्याची लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक मुद्रित आवाज इंग्रजीत दार बंद होत असल्याची सूचना देतो. सर त्या आवाजाला प्रत्येक वेळी "थँक यू" म्हणत. "या इमारतीत स्वच्छ इंग्रजी बोलणारी ही एकटीच बाई आहे," असे त्यांचे मत होते.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा एका प्रश्नात होता. कोणत्याही वस्तूची, माणसाची वा संस्थेची पारख करताना ते विचारत, "नापास किती होतात?" दादरच्या बाजारात आंब्यांच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी हे विचारले, तेव्हा एक विक्रेता म्हणाला, "काका, एकपण खराब निघणार नाय, गॅरंटी." सर पुढे गेले. पुढचा म्हणाला, "दोन-चार निघतील. झाडाचा माल आहे, आपण काय आत जाऊन बघतो?" सरांनी पेटी त्याच्याकडून घेतली. डॉक्टरांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि डॉक्टर रागावले होते. सरांनी डॉक्टर बदलला.

आता फाटकावरचा प्रसंग. सर भाजीची पिशवी घेऊन परत येत होते. टॉवरमध्ये कोणाकडे तरी आलेला एक परदेशी पाहुणा आमच्या सुपरवायझरला इंग्रजीत विचारत होता की दाताच्या डॉक्टरांकडे कोणत्या लिफ्टने जायचे. सुपरवायझर शाळेत इंग्रजीत पहिला येत असे. तो ताठ उभा राहिला, घाम पुसला आणि मदतीसाठी सरांकडे पाहू लागला. सरांनी पिशवी खाली ठेवली. आधी मराठी वाक्य जुळवले, मग त्याचा कर्ता शोधला, मग क्रियापद बसवले, मग सगळे तपासून पाहिले. वाक्य निर्दोष तयार झाले तेव्हा पाहुणा कोणत्यातरी लिफ्टने निघून गेला होता. सरांनी ते वाक्य तरीही पूर्ण म्हटले. समोर फक्त कुंड्या होत्या.

सुपरवायझर अदबीने म्हणाला, "राहू द्या, सर. आपलं इंग्रजी पेपरातलं."

तो हे सांत्वन म्हणून बोलला. पण सर त्या दिवशी माझ्याकडे आले आणि चहाला हात न लावता दारात उभे राहिले. "अख्खं आयुष्य मी इंग्रजी शिकवलं," ते म्हणाले. "ते शिकवणं होतं की दुसरंच काही, हे मला कळायला हवं. ज्यांना कळतं, त्यांच्यासमोर शिकवून बघायचं."

"आता? या वयात?"

"मग कधी? मेल्यावर स्मरणिकेत सगळेच उत्तम शिक्षक असतात."

आम्ही चौकशीला निघालो. मी बरोबर का गेलो, याविषयी इमारतीत असा समज आहे की मला उद्योग नव्हता. मला उद्योग होता. मी तो बाजूला ठेवला.

पहिली भेट सचिवांच्या केंद्राला, कारण ते वाटेतच होते. सचिव तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

"सर, एकदम बेस्ट डिसिजन. व्हिडिओ बघायचे, प्रश्नांवर टिक करायचं, सर्टिफिकेट मोबाइलवर. कुठं जायला नको, यायला नको. कमी तासांचं देऊ की जास्त तासांचं?"

"तास मोजतं कोण?"

"मोजायला कशाला पाहिजेत? सर्टिफिकेटवर छापलेले असतात."

"आणि वर्ग? विद्यार्थी कुठे भेटतात?"

"विद्यार्थी नंतर, सर. आधी क्वालिफिकेशन."

"नापास किती होतात?"

सचिवांना हा प्रश्न कौतुकाचा वाटला. "एकपण नाही. शंभर टक्के रिझल्ट."

"म्हणजे हा प्रसाद झाला," सर उठत म्हणाले. "देवळात येईन तेव्हा घेईन."

दुसरी भेट गिरगावातल्या एका जुन्या इमारतीतल्या संस्थेला. तिथल्या बाईंनी सांगितले की अभ्यासक्रम पूर्ण वेळेचा आहे, रोज यावे लागेल आणि पहिल्याच आठवड्यापासून खऱ्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागेल. त्या वेळी मागे निरीक्षक बसतील. तास संपला की काय चुकले ते तोंडावर सांगितले जाईल. सरांनी आपला प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "होतात. दर बॅचमध्ये एखाद-दोन होतात. काहीजण मध्येच सोडतात. तुमच्या वयाचं कोणी अजून आलेलं नाही, म्हणून तुमचं काही सांगता येत नाही."

सर माझ्याकडे वळले. "इथे," ते म्हणाले. दोन-चार निघतील म्हणणाऱ्या आंबेवाल्याकडून पेटी उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे, तोच होता.

त्या तुकडीत सगळी तरुण मंडळी होती. कोणाला व्हिएतनामला जायचे होते, कोणाला जपानला, कोणाला स्पेनला. सरांना आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जायचे होते. तिथला सोसायटीचा हॉल मोकळा असे आणि त्यात चाळीतल्या जुन्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवावे, एवढीच त्यांची परदेशवारी होती. मुले त्यांना "अंकल" म्हणत. मास्तरकीत सगळे ऐकून घेतलेल्या माणसाने हेही ऐकून घेतले.

त्यांनी पुढे त्या हॉलमध्ये वर्ग चालवला, आणि तो ज्यांनी पाहिला ते त्यातली एकच गोष्ट सांगतात: सर खडीसाखर खात. तास सुरू झाला की ते एक प्रश्न विचारत आणि खडीसाखरेचा एक मोठा खडा तोंडात टाकत. तो विरघळेपर्यंत सर एक अक्षर बोलत नसत. वर्गाने आपापसांत बोलायचे, चुकायचे, अडायचे, भांडायचे. सर गाल फुगवून हिंडत आणि ऐकत. खडीसाखर का, याच्या तीन कथा इमारतीत प्रचलित आहेत. सचिव म्हणतात, सरांना खोकला होता. मी त्यांच्या शेजारच्याच घरात राहिलो. त्यांना खोकला नव्हता. दुसरी कथा, त्यांना गोडाची चटक होती. आंबे सोडल्यास नव्हती. तिसरी कथा अशी की ही परदेशी पद्धत असून ती व्हिडिओत दाखवतात. परदेशात खडीसाखर कुठून आणतात, हे ती सांगणाऱ्याने सांगावे. खडीसाखर आली ती गिरगावच्या त्या वर्गातून, आणि तो प्रसंग असा.

शेवटच्या निरीक्षणाचा तास जवळ आला होता. तिथल्या विद्यार्थ्यांत सरांनी दोघांची भर घातली होती: एक मी, आणि दुसऱ्या आमच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या वहिनी. माझे इंग्रजी वाईट नव्हते; वापरले गेले नव्हते. वहिनी मूळच्या मालवणकडच्या. गिरण्या चालू असल्यापासून त्यांनी माणसे जेवू घातली. टॉवरमधल्या ऑफिसांतून आता त्यांच्याकडे डबे जातात आणि डब्यांविषयीचे निरोप इंग्रजीत येतात, म्हणून त्या वर्गाला येत.

आता आमच्या शाळेचा एक रिवाज सांगितला पाहिजे. तपासणीला साहेब यायचे असले की आदल्या दिवशी पाठ बसवला जाई, जसे नाटक बसवतात तसा. कोणी कोणता प्रश्न विचारायचा, कोणी हात वर करायचा, कोणी थोडेसे चुकायचे, सगळे ठरलेले. हे साहेबांना ठाऊक असे, आणि साहेबांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक असे. या परस्पर ज्ञानालाच आम्ही शैक्षणिक दर्जा म्हणत असू. यात लबाडी आहे असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नसे. घरी पाहुणे यायचे म्हणून आपण घर आवरतो, तसेच ते.

त्याप्रमाणे सरांनी तासाच्या आदल्या संध्याकाळी सर्व विद्यार्थ्यांना आपल्या घरी बोलावले, पोहे दिले आणि पाठ बसवला. विषय होता यजमान आणि पाहुणा. मी पाहुणा. मी जेवणाची स्तुती करायची, आणि वहिनींनी नम्रपणे म्हणायचे, "ओह, इट इज नथिंग."

वहिनी अडल्या. "सर, ह्या नथिंग कित्याक म्हणूचा? माका पटणा नाय."

"वहिनी, इंग्रज लोक नम्रपणे तसं म्हणतात."

"मगे तेंका म्हणांदे."

"उद्या तेवढं म्हणा. परीक्षा आहे."

"तुमची परीक्षा मां? मगे म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी निरीक्षक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. माझगावच्या राहणाऱ्या, शांत, फार न बोलणाऱ्या. पाठ सुरू झाला आणि कालच्यासारखाच पुढे सरकू लागला. प्रश्न पडत होते, हात वर होत होते. वहिनी मागाहून सांगत सुटल्या की मी माझे वाक्य विसरलो. मी वाक्य विसरलो नाही; मी ते जरासे लवकर म्हटले. माझी पाळी यायच्या बेतात असताना मी उभा राहून स्पष्ट म्हणालो, "द फूड इज एक्सलंट, मॅडम."

वहिनी उठल्या. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी सरांकडे पाहिले.

"व्हाय नथिंग, सर?" त्या म्हणाल्या. "मॉर्निंग टू नाइट आय स्टँड. सो मेनी मेन ईट. इट इज..." शब्द शोधायला त्यांना वेळ लागला, पण त्या शोधत राहिल्या. "इट इज समथिंग."

वर्ग वळून पाहू लागला. कोपऱ्यातला एक ड्रायव्हर, जो दिलेल्या वाक्याबाहेर कधी गेला नव्हता, तो बसल्या जागेवरून म्हणाला, "येस. व्हेरी बिग समथिंग." दोघे-तिघे काहीतरी बोलू लागले. इंग्रजीत. मागच्या बाकावरच्या बाईंनी मान वर केली.

सरांनी हात वर केला. तपासणीच्या दिवशीचा तो मऊ, घट्ट आवाज मी पुष्कळ वर्षांनी ऐकला. "वहिनी, पाठात काय आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले. "इट इज नथिंग," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढचा पाठ बिनचूक झाला. सरांनी वहिनींच्या अंगावर खडू फेकला, ही जी एक आवृत्ती चाळीतल्या जुन्या मंडळींत फिरते, ती निराधार आहे. तिथे खडू नव्हता, फळ्यावर पेनाने लिहीत.

तास संपल्यावर निरीक्षक बाई सरांशी बोलल्या. मी दारात होतो आणि दार उघडे होते. ऐकणे हा अपराध होत नाही.

"सर, पाठ सुंदर बसवला होतात," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वेळात वर्गात माणसं फक्त एकदाच बोलली. बाकी सगळं म्हणून दाखवलं. आणि ती बोलायला लागली तेव्हा तुम्ही त्यांना थांबवलंत."

वाद घालायला मी तयार होतो, पण मला कोणी विचारले नाही.

खाली जिन्यापाशी आम्ही चहा घेतला. सर नेहमीसारखे उभे होते, पण पेला भरलेलाच राहिला. "इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कोणीतरी पहिल्यांदा स्वतःचं वाक्य बोललं," ते म्हणाले, "आणि मी तिच्याकडून 'नथिंग' म्हणवून घेतलं."

"परीक्षा होती, सर."

"शाळेतसुद्धा परीक्षाच होती. असं कोणी ना कोणी तेव्हाही उठलं असेल. मी बसवलं असेल. फाटकावरचासुद्धा उठला असेल एखाद वेळी."

"पोरं पास झाली की तुमची. पहिली आली."

"पास झाली. बोलली नाहीत."

तेवढ्यात वहिनी जिना उतरून आल्या. सरांनी पेला कट्ट्यावर ठेवला आणि त्यांच्यासमोर हात जोडले. "वहिनी, चूक माझी. ते समथिंगच आहे."

"माका ठाऊक आसा," वहिनी म्हणाल्या. "तुमका इंग्लिशमधून सांगूचा होता, सांगितलंय. चला, डब्यांची वेळ झाली."

परतताना सरांनी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून खडीसाखर घेतली. कशाला, असे मी विचारले. "तोंड बंद ठेवायला," ते म्हणाले. "माझं."

ही झाली खडीसाखरेची हकीकत. जो माणूस हॉलमध्ये गाल फुगवून हिंडे, तो घरबसल्या टिक करून घडलेला नव्हता, एवढे यातून कोणालाही समजावे. सचिवांना मात्र समजले नाही. मी त्यांच्याकडे जाऊन बॅनर उतरवायला सांगितले, तेव्हा ते हातांच्या खुर्चीत बसले होते आणि बसूनच राहिले.

"काका, एवढं काय? आपण त्यांची तारीफच केलीय ना? सर्टिफिकेट सगळीकडचं सारखंच असतं. आणि आता सर थोडेच सांगायला येणार आहेत?"

"मी आलो आहे."

"तुमच्याकडे प्रूफ काय? फोटो? मेल? काहीतरी दाखवा, मी लगेच उतरवतो."

मी काही दाखवले नाही. मी फाटकावर गेलो, सुपरवायझरला बॅनरखाली उभे केले आणि सरांच्या छायाचित्राखालची सर्वांत ठळक ओळ वाचायला सांगितली. त्याने ती शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचली: "शंभर टक्के निकाल. आमच्या केंद्रात आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही."

"हे खरं आहे का, सर?" त्याने विचारले.

"खरं आहे. मी चौकशी केली. जाहिरातीतलं तेवढंच खरं आहे."

"मग आपले सर इथले नव्हते कशावरून? पोरीला काय सांगू?"

त्याला जे सांगितले तेच इथे सांगतो. यावर सचिवांनी वाटल्यास पुढची स्मरणिका काढावी.

गिरगावच्या त्या वर्गात सर पहिल्या खेपेस नापास झाले होते.